दिवसा ओरडणारा रातकिडा

एप्रिल सरत आला की आंबोलीच्या, भीमाशंकरच्या, कोयनेच्या झाडीत भर दुपारी एक आवाज भरून राहतो. वारा पडलेला असतो, पाखरं गप्प असतात आणि वर कुठेतरी करवत चालल्यासारखं अखंड किर्रर्र सुरू असतं. झाडाजवळ गेलं की आवाज बंद. चार पावलं मागे आलं की पुन्हा सुरू. रानात फिरायला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी पहिल्या अर्ध्या तासात हमखास विचारतं, "अहो, हे रातकिडे दिवसाढवळ्या कसे काय ओरडतात?"

प्रश्न रास्त आहे. रातकिड्याने रात्री ओरडायचं असतं, आणि तो ओरडतोही रात्रीच. दुपारी ऐकू येतो तो रातकिडा नव्हेच. तो सिकाडा. आपण त्याला वर्षानुवर्षं ऐकतो, पण पाहिलेली माणसं फार थोडी. आणि ज्यांनी पाहिला त्यांनीही त्याच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडेच पाहिलेले असतात. बाकीचं सगळं आयुष्य आपल्या पायाखाली गेलेलं असतं. या प्रकरणात आवाजापासून सुरुवात करू आणि तिथून खाली, मुळांपर्यंत जाऊ.

१. हा कोणाच्या नात्यातला?

कापसाच्या किंवा भेंडीच्या शेतात वावरलेल्या माणसाला 'रसशोषक किडी' हा शब्द सांगावा लागत नाही. मावा, तुडतुडे यांची ती जमात. यांना चावता येत नाही. सुईसारखी सोंड खुपसून ते झाडाचा रस ओढतात. सिकाडा याच जमातीतला, तुडतुड्याचा थोराड भाऊबंद. घरातला ढेकूणही त्याचा लांबचा नातेवाईक. जगात सिकाड्याच्या ३,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. काही नखाएवढ्या, तर मलेशियाच्या जंगलातल्या एका जातीच्या पंखांचा पसारा वीतभर भरतो.

रातकिडा, नाकतोडा आणि टोळ हे वेगळं घराणं. त्यांना जबडा असतो, ते पानं कुरतडतात आणि मागच्या लांब पायांवर उड्या मारतात. सिकाड्याला असे उडीचे पाय नसतात. रुंद डोकं, त्याच्या दोन टोकांना दोन फुगीर डोळे, मध्ये मण्यांसारखे आणखी तीन बारीक डोळे आणि अंगावर घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले, जाड शिरांचे पारदर्शक पंख. एकदा पाहिला की पुन्हा चूक होणार नाही.

ही चूक केवळ नावापुरती नाही. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा संत्र्याच्या बागा वाचवायला लोक थाळ्या घेऊन धावले. टोळ पीक खातो. सिकाडा पान खात नाही, डंख मारत नाही, घरात शिरत नाही. तरी अमेरिकेत गेलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी त्याला टोळ म्हटलं आणि तिथे आजही पुष्कळ लोक तसंच म्हणतात. नाव चुकलं की भीतीही चुकीची बसते, याचं उदाहरण पुढे येईलच.

२. पोटातला भोपळा

रातकिडा पंखावर पंख घासतो. एका पंखावर कंगव्यासारखे दाते असतात, दुसऱ्याची कड त्यावरून फिरते. कंगव्यावरून नख ओढून पाहा, तत्त्व तेच.

सिकाड्याची तऱ्हा निराळी. जत्रेत पत्र्याचा एक बेडूक मिळायचा. पोटाखालची पट्टी अंगठ्याने दाबली की 'टिक', सोडली की पुन्हा 'टिक'. सिकाड्याच्या पोटाच्या सुरुवातीला, दोन्ही कुशींना अशी एकेक पातळ, पन्हाळीच्या पत्र्यासारखी पडदी असते. आतून एक दणकट स्नायू ती पडदी ओढतो, ती आत बसते, टिक. स्नायू सैल पडतो, ती बाहेर येते, टिक. काही जातींत हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. एवढ्या घाईत सुटे टिक कानाला वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांची सलग किरकिर होते.

पण पत्र्याच्या बेडकाचा आवाज खोलीबाहेर जात नाही आणि सिकाड्याचा आवाज दरीपलीकडे जातो. हे कसं? तंबोऱ्याची नुसती तार ताणून छेडली तर शेजारच्यालाही नीट ऐकू येणार नाही. आवाज भरतो तो खालच्या भोपळ्यामुळे. सिकाड्याच्या नराचं पोट हाच त्याचा भोपळा. आत आतडी, स्नायू वगैरे कडेला दाबून बसलेलं आणि मधली बरीचशी जागा हवेने भरलेली. मादीचं पोट भरीव असतं, कारण तिला अंडी वाहायची असतात. म्हणून गातो तो नर. आफ्रिकेतल्या एका जातीचा आवाज अर्ध्या मीटरवरून मोजला तेव्हा १०६ डेसिबलच्या वर भरला. स्वयंपाकघरातला मिक्सर पूर्ण वेगात असताना एवढा आवाज करत नाही.

प्रत्येक जातीची चाल ठरलेली. काही भर उन्हात गातात, काही फक्त तिन्हीसांजेला, काही उजाडताना थोडा वेळ. कान तयार असलेला माणूस डोळे मिटून जाती ओळखतो.

३. फाब्रच्या तोफा

एवढा गोंगाट करणाऱ्याला स्वतःला ऐकू येतं का? फ्रान्सच्या दक्षिणेकडे सेरिन्यान नावाच्या गावात राहणाऱ्या झां-आंरी फाब्रला हा प्रश्न पडला. फाब्र हा कीटकांचं निरीक्षण करण्यात अख्खं आयुष्य घालवलेला शिक्षक. त्याच्या दारातल्या झाडांवर उन्हाळाभर सिकाडे ओरडत. गावात उत्सवाला उडवायच्या दोन उखळी तोफा होत्या. त्या त्याने मागून आणल्या, झाडाखाली ठेवल्या, दारू ठासली आणि उडवल्या. घराची तावदानं फुटू नयेत म्हणून आधी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. वर गाणाऱ्यांच्या सुरात काडीचाही फरक पडला नाही. दुसरी तोफ उडवली, तरी तेच. फाब्रने निष्कर्ष काढला की सिकाडा बहिरा असावा.

एवढा काटेकोर निरीक्षक, पण इथे चुकला. सिकाड्याला कान असतात, पोटाच्या खालच्या अंगाला. फक्त ते आपल्याच जातीच्या सुराला लावलेले असतात. रेडिओ एका स्टेशनावर लावला की शेजारचं स्टेशन कितीही जोरात लागलेलं असलं तरी ऐकू येत नाही, तसं. तोफेचा दणका खालच्या पट्टीतला, तो त्या कानांना जवळजवळ पोचतच नाही. मादीच्या पंखांची बारीक फडफड मात्र बरोबर पोचते. अमेरिकेतल्या काही जातींत नराने सूर ओढून शेवटी खाली सोडला की मादी क्षणभर थांबून पंखांची एकच 'टिच्' करते. त्या जागी माणसाने बोटांनी टिचकी वाजवली, तरी नर चालत जवळ येतो.

आपण जवळ जाताच तो गप्प का होतो, याचं उत्तरही इथेच आहे. त्याने आपली चाहूल ऐकलेली नसते. पाच डोळ्यांनी आपल्याला पाहिलेलं असतं.

४. फांदीवरून मुळाशी

मीलन झालं की मादी कोवळ्या फांदीत बूड खुपसून चिरा पाडते आणि प्रत्येक चिरेत तांदळाच्या कणीसारखी अंडी ओळीने ठेवते. काही आठवड्यांनी त्यातून मुंगीएवढी पांढुरकी पिल्लं बाहेर पडतात आणि सरळ खाली टपकतात. एवढा हलका जीव, त्याला इजा होत नाही. जमिनीवर पडल्या पडल्या तो भेग शोधतो आणि आत जातो. उजेड त्याला पुन्हा दिसणार तो काही वर्षांनी.

'पिल्लू' हा शब्द इथे मुद्दाम वापरतो. फुलपाखराची अळी असते, मग कोष, मग फुलपाखरू. अळी आणि फुलपाखरू यांच्यात काहीच साम्य नाही. सिकाड्यात अळी नाही, कोषही नाही. पिल्लू आधीपासूनच आई-बापांसारखं दिसतं, फक्त पंख नसतात. ते पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी थोडं मोठं होतं. पुढचे पाय खेकड्याच्या नांगीसारखे जाड असतात, माती उकरायला. एखाद्या मुळाला चिकटून ते मातीची छोटीशी खोली करतं, थुंकी आणि लघवीने भिंती लिंपतं आणि मुळात सोंड खुपसून बसतं.

लोकांना वाटतं, ते तिथे झोपलेलं असतं. तसं नाही. सगळी वर्षं ते जागं असतं, पीत असतं, वाढत असतं. मूळ वाळलं तर दुसऱ्या मुळाकडे खणत जातं.

५. पाण्यावर काढलेली वर्षं

पण वाढायला एवढी वर्षं का लागावीत? उत्तर त्याच्या जेवणात आहे.

झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात. एकीतून पानांत तयार झालेलं साखरपाणी सगळीकडे जातं. मावा त्या नळीवर बसतो, म्हणून त्याच्याभोवती चिकटा होतो आणि मुंगळे जमतात. दुसरीतून मुळांनी शोषलेलं पाणी वर चढतं. सिकाडा या दुसऱ्या नळीवर जगतो. या पाण्यात क्षार आणि पोषक द्रव्यांचा अंश इतका थोडा असतो की हंडाभर पाण्यात चमचाभर ताक टाकून तेच अन्न म्हणून पिण्यासारखं आहे.

अडचण आणखी एक. हे पाणी वरून पानांनी ओढून धरलेलं असतं. कोणी नळीच्या एका टोकाने जोरात ओढत असताना मध्येच भोक पाडून तुम्हाला प्यायचं आहे. त्यासाठी सिकाड्याच्या कपाळात भलामोठा उपसा-पंप बसवलेला आहे. त्याचं तोंड पुढून सुजल्यासारखं दिसतं, ते त्या पंपाच्या स्नायूंमुळे.

एवढं पाणी पिऊनही शरीर घडवायला लागणारी काही द्रव्यं त्यात मिळत नाहीतच. ती त्याच्या पोटात राहणारे जिवाणू बनवून देतात. दोन वेगळ्या जातींचे जिवाणू, दोघांची कामं वाटलेली. एक बहुतेक द्रव्यं बनवतो, दुसरा राहिलेली मोजकी. आई अंड्यातून दोघांचीही शिदोरी पिल्लाला देते. जपानमधल्या काही सिकाड्यांनी दुसऱ्या जिवाणूची जागा चक्क एका बुरशीला दिली आहे.

प्यायलेलं पाणी बाहेरही जाणार. रानात सिकाड्यांच्या झाडाखाली उभं राहिलं तर अंगावर बारीक तुषार येतात, आकाशात मात्र ढग नसतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ही धार मोजली, वेग सेकंदाला ३ मीटरपर्यंत भरला. एवढ्याशा प्राण्याने धार सोडणं दुर्मीळ, बहुतेक कीटक थेंबच टाकतात. पण थेंब थेंब टाकायला वेळ कोणाला आहे? दिवसभर पाणी उपसायचं आहे.

आणि इथेच एका जुन्या गोष्टीचा हिशेब चुकता करावासा वाटतो. मुंगीने उन्हाळाभर दाणे साठवले, नाकतोडा गात बसला आणि थंडीत तिच्या दारी भीक मागायला गेला, ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. मूळ ग्रीक इसापनीतीत तो नाकतोडा नव्हता, सिकाडा होता. उत्तर युरोपात सिकाडा कोणी फारसा पाहिलेला नाही, म्हणून त्या भाषांत शिरताना त्याचा नाकतोडा झाला आणि आपल्यापर्यंत तसाच आला. तोफांच्या बाबतीत चुकलेला फाब्र इथे मात्र बरोबर होता. त्याने उन्हाळ्यात झाडाखाली बसून पाहिलं. दुष्काळी उन्हात सिकाडा साल भेदून रस काढतो, भोकाभोवती ओल पाझरते आणि तहानलेल्या मुंग्या तिथे गोळा होतात. त्या त्याच्या पायांना चावतात, पंख ओढतात, सोंड उपटायला बघतात. शेवटी तो वैतागून उडून जातो आणि विहीर मुंग्यांना मिळते. भीक मागणारा कोण, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिलं. शिवाय सिकाडा थंडीपर्यंत जगतच नाही.

६. शाळा आणि तुकड्या

बहुतेक जातींची पिल्लं जमिनीत दोन ते पाच वर्षं काढतात. मग सह्याद्रीत आवाज दर वर्षी कसा? शाळेत दहावीपर्यंत पोचायला मुलाला दहा वर्षं लागतात, पण दहावीची तुकडी दर वर्षी बाहेर पडते. कारण पहिलीत दर वर्षी नवी मुलं येतात. जमिनीखाली तसंच वेगवेगळ्या वयांची पिल्लं शेजारी शेजारी बसलेली असतात.

आता अशी शाळा कल्पा, जिथे सगळी मुलं एकाच वर्षी दाखल होतात, एकाच वर्षी बाहेर पडतात आणि मधली वर्षं फाटक बंद. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात सैदेन गावाजवळ अशी एक जात आहे. स्थानिक लोक तिला नियांगतासेर म्हणतात. दर चार वर्षांनी मे महिन्यात ती बाहेर पडते: २०१०, २०१४, २०१८, २०२२. फुटबॉलच्या विश्वचषकाचीही हीच वर्षं, त्यामुळे ती त्या नावानेही ओळखली जाते. रात्री उजेड घेऊन लोक रानात जातात आणि टोपल्या भरून आणतात. ते त्यांचं आवडीचं खाणं आहे.

या बाबतीत सगळ्यांना मागे टाकणारे अमेरिकेच्या पूर्व भागात आहेत. तिथे एकूण सात जाती, तीन १७ वर्षांच्या, चार १३ वर्षांच्या. एका प्रदेशात एकाच वर्षी निघणाऱ्यांना एक तुकडी धरतात. १८९८ साली चार्ल्स मार्लाट या कीटकशास्त्रज्ञाने तुकड्यांना रोमन क्रमांक दिले, ते आजही चालतात. आज १७ वर्षांच्या १२ आणि १३ वर्षांच्या ३ तुकड्या उरल्या आहेत. दहावी तुकडी १९८७, २००४ आणि २०२१ मध्ये निघाली. २०२४ मध्ये तेरावी आणि एकोणिसावी एकाच वेळी निघाल्या. एक १७ वर्षांची, दुसरी १३ वर्षांची. १७ ला १३ ने गुणलं की २२१. याआधी त्या दोघी एकत्र निघाल्या तेव्हा १८०३ साल होतं.

मेरिलँडमधला बेंजामिन बॅनेकर हा कृष्णवर्णीय शेतकरी स्वतःच्या बळावर गणित आणि खगोल शिकला. १७४९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्याने हे लाखो किडे पाहिले. आता पिकाचं वाटोळं होणार असं वाटून तो त्यांना मारत सुटला, पण ते संपेनात आणि पिकाचंही काही झालं नाही. १७६६ मध्ये ते पुन्हा आले, १७८३ मध्ये पुन्हा. तोवर मारणाऱ्या हातात वही आली होती. १८०० साली ते परत येतील, असं त्याने आधीच लिहून ठेवलं, आणि ते आले.

७. किती पालव्या पाहिल्या?

अंधारात, हातभर खाली बसलेल्या पिल्लाला १७ वर्षं झाली हे कळतं कसं? घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. सिकाडा पालव्या मोजतो. वसंतात झाडाला नवी पानं फुटताना मुळातून वर जाणाऱ्या पाण्याची चव बदलते. पिल्लू तेच पाणी पीत असतं. चव बदलली, की एक वर्ष.

हे नुसतं अनुमान नाही. कॅलिफोर्नियात रिचर्ड कारबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ वर्षांची पिल्लं पीचच्या झाडांच्या मुळांशी सोडली. त्यातल्या काही झाडांना त्यांनी एकाच वर्षात दोनदा पालवी फुटेल असं केलं. त्या झाडांखालची पिल्लं एक वर्ष आधीच बाहेर आली. त्यांनी ऊन-पावसाची वर्षं मोजली नव्हती, पालव्या मोजल्या होत्या. हे काम २००० साली प्रसिद्ध झालं. कीटकांवरच्या प्रयोगांत इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग मी क्वचितच वाचला आहे. मोजलेला आकडा एवढासा जीव साठवतो कुठे, हे कोडं मात्र अजून कोणाला सुटलेलं नाही. अधूनमधून काहींची मोजणी चुकते, आणि ती बहुधा चारनेच. २०१७ मध्ये दहाव्या तुकडीतले कितीतरी चार वर्षं आधीच वर आले.

वर्ष कळलं तरी दिवस कोण ठरवतो? जमीन. वसंतात वीतभर खोलीवरची माती साधारण १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि एखादी कोमट सर पडली की त्या संध्याकाळी सगळे निघतात. मधल्या काळात ज्यांची वाढ आधी पुरी झाली, ते इतरांसाठी थांबलेले असतात.

८. पंगत

सगळ्यांनी एकदमच का निघायचं? हे किडे जोरात पळत नाहीत, चावत नाहीत, विषारी नाहीत. खार, पक्षी, कोळी, कासव, मासे, कुत्री, जो तो त्यांना खातो. त्यांचा बचाव एकच, संख्या.

हिशेब करून पाहू. एका एकराच्या झाडीत २०० पक्षी आहेत असं धरा. प्रत्येक पक्षी दिवसाला ३० सिकाडे खातो. २० दिवसांत २०० गुणिले ३० गुणिले २०, म्हणजे १ लाख २० हजार. तिथे १ लाख सिकाडे निघाले तर एकही उरणार नाही. आता १५ लाख निघू देत. पक्ष्यांनी तितकेच खाल्ले, कारण जिलबी कितीही आली तरी पंगतीतल्या माणसाचं पोट तेवढंच. १०० पैकी ८ गेले, ९२ वाचले. पक्ष्यांचा आकडा मी धरलेला आहे, पण एकराला १५ लाखांपर्यंत सिकाडे अमेरिकेत खरोखर मोजले गेले आहेत.

ही युक्ती आपल्या रानालाही माहीत आहे. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदमच फुलते आणि एकदमच बी टाकते. मिझोरममध्ये सुमारे ४८ वर्षांनी बांबू फुलतो. बी खाऊन उंदीर माजतात, तरी बी उरतंच.

पंगतीचे परिणाम दूरवर जातात. २०२१ मध्ये दहावी तुकडी निघाली तेव्हा ८० हून अधिक जातींचे पक्षी सिकाड्यांवर तुटून पडले. त्या दिवसांत ओकच्या पानांवरच्या अळ्यांकडे कोणी पाहिलं नाही. अळ्या दुपटीने वाढल्या, पानंही दुपटीने कुरतडली गेली. पुढे मेलेल्या सिकाड्यांचं खत मातीत गेलं.

९. बारा वर्षं का नाहीत?

१३ आणि १७. दोन्ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. हा योगायोग नसावा असं अनेकांना वाटतं. समजा, एखाद्या शत्रूची संख्या ठरावीक वर्षांनी वाढते. सिकाडा १२ वर्षांनी निघत असेल तर २, ३, ४ आणि ६ वर्षांचे फेरे असणारे सगळे शत्रू दर खेपेला त्याला गाठतील. १३ वर्षांनी निघाला तर ३ वर्षांच्या शत्रूशी गाठ ३९ वर्षांनी, ६ वर्षांच्या शत्रूशी ७८ वर्षांनी. तर्क सुंदर आहे. पण असा नेमक्या फेऱ्यांचा शत्रू प्रत्यक्षात सापडलेला नाही, म्हणून मी तो पक्का मानत नाही. दुसरं स्पष्टीकरण मला जास्त पटतं. वेगवेगळ्या कालावधीच्या तुकड्या एकमेकींत मिसळल्या तर संतती भलत्याच वर्षी, थोड्या संख्येने निघेल आणि पक्षी तिला संपवतील. १३ आणि १७ ची गाठ २२१ वर्षांत एकदाच पडते, त्यामुळे ही भेसळ टळते.

एक शत्रू मात्र संख्येला जुमानत नाही. ही एक बुरशी आहे. तिचे बीजाणू मातीत वाट पाहत राहतात आणि वर येणाऱ्या पिल्लाला चिकटतात. मोठ्या झालेल्या सिकाड्याच्या पोटाचा मागचा भाग गळून पडतो आणि तिथे खडूसारखा पांढरा गोळा दिसतो. एवढं होऊनही तो उडत राहतो, जोडीदार शोधत राहतो, बीजाणू पेरत राहतो. बुरशी त्याच्या शरीरात एक उत्तेजक द्रव्य बनवते, हे २०१९ मध्ये उघड झालं. लागण झालेला नर मादीसारखी पंखांची टिच्सुद्धा करू लागतो. दुसरे नर जवळ येतात आणि त्यांनाही लागण होते.

माणसाचा धोका याहून मोठा. वर झाड नसेल तर खाली पाणी नाही. अकरावी तुकडी कनेक्टिकटच्या भागात शेवटची १९५४ मध्ये दिसली. पुढचं १७ वं वर्ष आलं आणि गेलं, कोणी निघालं नाही. झाड तोडताना वरची घरटी तरी दिसतात. मुळांशी बसलेल्यांची मोजदाद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. बुंध्यापर्यंत फरशी बसवली तर झाड जगेलही, पण खालून वर यायची वाट बंद होते.

१०. पाहायचा असेल तर

मे महिन्यात, वळवाचा एखादा पाऊस होऊन गेल्यावर, जुन्या झाडाच्या बुंध्याशी पाचोळा बाजूला सारून बघा. पेन्सिल जाईल एवढी गोल, स्वच्छ काठाची भोकं दिसली, की जागा बरोबर आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर टॉर्च घेऊन या आणि बुंध्यावर कंबरेच्या उंचीपर्यंत शोधा.

मातीने माखलेलं तपकिरी पिल्लू सावकाश चढत असेल. ते थांबेल, सालीत पाय घट्ट रोवेल. पाठीवर उभी चीर पडेल आणि आतून दुधासारखा पांढरा सिकाडा निघेल. आधी पाठ, मग डोकं, मग तो मागे उलटा लोंबकळेल आणि शेवटी शेपटीकडचा भाग सोडवेल. पंख त्या वेळी चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात. शरीरातला द्रव शिरांत चढतो तसे ते उलगडतात. हात लावू नका. या वेळी वाकडा झालेला पंख कायमचा वाकडा राहतो. सकाळपर्यंत अंग काळवंडतं, कडक होतं. आता त्याच्याकडे फार तर काही आठवडे आहेत.

दुसऱ्या दिवशी सालीला चिकटलेली कात तुम्हाला सापडेल. ती हलक्या हाताने काढा आणि उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी पारदर्शक घुमट, नांग्यांसारखे पाय, सोंडेची म्यान, सगळं जिथल्या तिथे असतं. पाठीवरच्या चिरेतून आत पाहिलं तर काही पांढरे दोरे लोंबताना दिसतील. ती त्याच्या श्वासनळ्यांची अस्तरं. कात टाकताना तीही ओढून बाहेर निघतात. जमिनीखालच्या शेवटच्या मुक्कामात त्याने श्वास घेतला तो यांतूनच.